आठव्या इनिंगमध्ये बोलायचं नसतं

लॉइड, तुझ्या कोटाच्या खिशातली तंबाखूची डबी मी काढून घेतली. सगळ्यांदेखत. तू त्या पेटीत निळा टाय लावून, हात पोटावर ठेवून पडला होतास आणि मी सरळ तुझ्या खिशात हात घातला. तुझी मुलगी पॅटी बघतच राहिली. माझा मुलगा मागून "आई, प्लीज!" म्हणाला. आज त्याला पाच दिवस झाले आणि मला जराही पश्चात्ताप झालेला नाही.

मराठीत तुझ्यासारख्या म्हाताऱ्याला मी अहो-जाहो केलं असतं. बारा वर्षांनी मोठा होतास माझ्यापेक्षा. पण आज मी इतकी चिडले आहे की अरे-तुरेच करणार. आणि तुला भांडायचंच असेल तर भांड. हात वर करून मला गप्प बसवायची सोय मात्र आता तुझ्याकडे राहिलेली नाही.

आठवतं, आपली ओळख कशी झाली? मी नागपूरचा दवाखाना बंद करून निखिलकडे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला राहायला आले होते. हे जाऊन वर्ष झालं होतं, आणि निखिल म्हणाला, आई, एकटी कशाला राहतेस. बत्तीस वर्षं दात काढले, दात बसवले, माझ्या दवाखान्याबाहेर जिन्यापर्यंत रांग असायची. आणि इथे? सकाळी साडेसातला निखिल आणि सून गाड्या काढून कामाला गेले की मी आणि डिशवॉशर. संध्याकाळी साडीवर स्पोर्ट्स शूज घालून कॉलनीतून चक्कर मारायचे. सगळी घरं सारखी. एका गॅरेजचं दार उघडं, आत खुर्चीवर एक लांबलचक माणूस, शेजारी रेडिओवर बेसबॉलची मॅच, मांडीवर वही. मी थांबले. तू म्हणालास, "आत ये, बाहेर डास आहेत."

मी विचारलं, कोण जिंकतंय. तू म्हणालास, "कोण जिंकतंय ते कुणीही सांगेल. कसं चाललंय ते विचार." पहिल्याच दिवशी शहाणपणा. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस डोक्याला ताप आहे.

तू मला ती वही शिकवलीस. चेंडू टाकणारा पिचर एक नंबर, तो झेलणारा कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा तीन. एकेक चेंडू पेन्सिलीनं चौकटीत मांडायचा. मी दोन दिवसांत शिकले तर तुला केवढं आश्चर्य! अरे, आम्ही दातांचे डॉक्टर. आमच्याकडे दातांना नंबर असतात, तुमच्याकडे माणसांना. एवढाच काय तो फरक, असं मी म्हणाले, आणि तेव्हा तुला कळलं की मी कोण. त्या दिवसापासून तू मला 'डॉक' म्हणायला लागलास. अख्ख्या मिशिगनमध्ये मला डॉक्टर म्हणणारा तू एकटा. बाकी सगळ्यांसाठी मी 'निखिलची मॉम'. मंदिरात, मंडळाच्या गणपतीत, ग्रोसरीच्या दुकानात, सगळीकडे निखिलची मॉम. तुझ्या गॅरेजमधल्या त्या पडक्या खुर्चीत बसले की मी परत डॉक्टर व्हायचे. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

आणि मजा किती करायचो रे आपण. क्रिकेटवरून भांडायचो. पाच दिवस खेळून निकाल नाही म्हणजे काय, असं तू विचारायचास, आणि मी म्हणायचे, तुमचा फलंदाज दहा वेळा येऊन तीनदा मारतो तर तुम्ही त्याची पूजा करता, आमच्याकडे त्याला घरी बसवतील. तू 'जेवण झालं का' शिकलास. तेही असं काही म्हणायचास की आमची सून पदर तोंडाला लावून, म्हणजे ओढणी लावून, हसायची. पहिल्या उन्हाळ्यात मी तर्री पोहे करून आणले. नागपुरी, लाल तर्रीवाले. नाकाडोळ्यांतून पाणी, आणि वर म्हणतोस, "अजून ओत." एवढा मोठा वाडगा चाटूनपुसून संपवलास.

तुझ्या मागच्या खिशावर गोल पांढरा ठसा होता, डबीचा. जीन्स बदलायचास, ठसा तोच. खालच्या ओठाच्या आणि हिरडीच्या मध्ये, डाव्या बाजूला, चिमूट ठेवायची आणि कॉफीच्या कागदी कपात थुंकायचं. मी पहिल्याच आठवड्यात बोलले होते. तू म्हणालास, मॅचमध्ये बाकड्यावर बसून दुसरं करायचं काय, सतराव्या वर्षी बेसबॉल खेळायला लागलो तेव्हापासून खातोय, सगळेच खायचे. अरे, हे कोणाला शिकवतोस? मी नागपूरची. आमच्याकडे खर्रा खातात, तंबाखू-सुपारी घोटून. माझ्या खुर्चीत बसून पेशंट म्हणायचे, "मॅडम, दिवसाला एकच तर खाऊन राहिलो ना!" आणि मी त्यांना उठवून बेसिनपाशी न्यायचे, आधी थुंक म्हणायचे, मग आरसा हातात देऊन दाखवायचे. बघ, हा पांढरा डाग दिसतो? हा आज आहे. उद्या लाल होईल. परवा मी तुझ्या बायकोला काय सांगू? कोणी रडायचे, कोणी चिडून निघून जायचे. दोन-चार जण तर बाहेर जाऊन परत खायचे. पण बत्तीस वर्षांत एकाही तोंडातला डाग बघून मी गप्प बसले नाही.

तुझ्या वेळी बसले. तेच तर.

दुसऱ्या उन्हाळ्यात तू बिनतिखटाचे पोहे मागितलेस. "डॉक, पोट म्हातारं झालं." मी हसले! कप्पाळ माझं. पोट नव्हतं रे ते. तोंड जळत होतं तुझं. दंतवैद्यकाच्या पहिल्या धड्यातली गोष्ट, आणि मी हसून त्यात साखर घातली. मग एकदा तू कुठल्या तरी अंपायरला शिव्या घालताना मान मागे टाकून हसलास आणि मला दिसला. डावीकडे, खाली, चिमूट ठेवायच्या जागी. सुरकुतलेला पांढरा पट्टा, आणि त्यात मध्येच लाल.

त्या रात्री जेवताना मी निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू काही बोलू नकोस हं. इथे असं चालत नाही. तुझ्याकडे लायसन्स नाही, तू ऑफिशियली डॉक्टर नाहीस. काही झालं तर लोक कोर्टात खेचतात. त्याचा इन्शुरन्स आहे, त्याचा डेंटिस्ट आहे, त्याला बघू दे ना." त्याच्यावर मी रागावत नाही. कामाचा व्हिसा, घराचं कर्ज, नोकरीत कुणाला कधी काढतील नेम नाही. घाबरलेलं पोर ते. पण मी? मी काय म्हणून घाबरले?

तरी मी बोलायला आले होते, हे तुला कबूल करावंच लागेल. ऑगस्टची संध्याकाळ होती. टीव्ही तू ओढून गॅरेजमध्ये आणला होतास, कारण सातव्या इनिंगपर्यंत समोरच्या संघाला एकही हिट मिळाला नव्हता. तू आधीच बजावलं होतंस. पिचर असा खेळत असला, नऊ इनिंग संपेपर्यंत एकाही फलंदाजाला हिट मिळू द्यायचा नाही अशा बेतात असला, की त्याच्याशी बोलायचं नाही. बाकड्यावर त्याच्या शेजारी बसायचं नाही. काय चाललंय ते तोंडातून काढायचं नाही. बोललं की मोडलं. मला ते पटलंही. आमच्याकडेसुद्धा तेच, अभद्र बोलू नये, घरातली वास्तू ऐकत असते म्हणतात.

मग तू मला तुझी गोष्ट सांगितलीस. तेविसाव्या वर्षी, कुठल्या तरी धुळकट गावातल्या छोट्या लीगमध्ये, आठव्या इनिंगपर्यंत तू एकही हिट दिला नव्हतास. सगळे चिडीचूप. आणि एक नवा खेळाडू येऊन म्हणाला, अरे, त्यांना अजून एकही हिट मिळाला नाही, माहीत आहे का? पुढच्याच चेंडूवर हिट. त्या माणसाशी तू नंतर पन्नास वर्षं बोलला नाहीस. तो गेला तेव्हा फ्युनरललाही गेला नाहीस. गॅरेजमधल्या तुमच्या टीमच्या फोटोत, गेलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर तू पेन्सिलीनं बारीक फुली करायचास. त्याच्या डोक्यावरची फुली एवढी दाबून केली आहेस की फोटोचा कागद फाटला आहे.

त्या एका वर्षात तू दोन फुल्या केल्या होत्यास. मी विचारायचे, कशानं गेला? "घशाचं काहीतरी." आणि हा? "तोंडाचं काहीतरी, म्हातारपण." तोंडाचं काहीतरी! अरे, तू तुझ्या हातानं फोटोवर फुल्या करत होतास आणि त्याच हातानं डबी उघडत होतास. मूर्ख माणसा.

तर त्या ऑगस्टमध्ये, जाहिरात लागली तेव्हा मी म्हणाले, "लॉइड, तुझ्या तोंडात डावीकडे—"

तू हात वर केलास. ट्रॅफिक पोलिसासारखा. माझ्याकडे बघितलं नाहीस, टीव्हीकडेच बघत होतास. म्हणालास, "डॉक. आठव्या इनिंगमध्ये कोणी बोलत नाही."

मला त्याच क्षणी कळलं की तुला माहीत आहे. तू टीव्हीवरच्या त्या पोराबद्दल बोलत नव्हतास. आणि मी, जिनं बत्तीस वर्षं माणसांना बेसिनपाशी ओढत नेलं, ती मी वही उचलून पुढचा चेंडू लिहायला लागले. त्या पोराला नवव्या इनिंगमध्ये हिट बसलाच. तुझा नियम पाळून काय दिवे लागले?

खरं सांगू का? लायसन्स वगैरे सब झूट. तुझा तो नियमही झूट. मी गप्प बसले कारण मला वाटलं, हा चिडला तर? पन्नास वर्षं न बोलणारा माणूस हा. दार खाली ओढून घेतलं तर मी संध्याकाळी जाऊ कुठे? मला डॉक म्हणणारा एकच माणूस होता, त्याला दुखवायला नको म्हणून मी त्याची डॉक्टर झाले नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. निखिललाही नाही.

हिवाळाभर तुझं गॅरेज बंद. मी दोनदा सूप घेऊन आले. दोन्ही वेळा तू दारातच डबा घेतलास, स्कार्फ गुंडाळलेला. एप्रिलमध्ये नवा सीझन सुरू झाला, तू दार वर केलंस, आणि जबड्याखालची गाठ मला रस्त्यावरून दिसली. तेव्हा मी ओरडले. भर रस्त्यात, मराठीत ओरडले. तू निमूटपणे पॅटीला फोन केलास. ती तिसऱ्या दिवशी विमानानं आली. पण एप्रिलमध्ये ओरडून काय उपयोग? ओरडायचं ते ऑगस्टमध्ये.

अर्धा जबडा काढला तुझा. मी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा तू पाटीवर लिहून बोलत होतास. मला बघून लिहिलंस, "तुला माहीत होतं." प्रश्नचिन्ह नव्हतं. मी हो म्हणाले. वाटलं, आता हा पाटी फेकून मारणार, आणि मारलीस तरी बरोबरच. तू ते पुसलंस आणि लिहिलंस, "मलाही."

मलाही काय, मलाही! हे काय उत्तर झालं? वर डोळ्यांनी हसलास. जसं काही आपण दोघांनी मिळून गणपतीचा प्रसाद चोरून खाल्ला होता. मला त्या क्षणी तुला माफ करावंसं वाटलं आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. दोन्ही राहिलं. मी रेडिओ लावला, वही काढली, आणि सहा इनिंग लिहून घरी गेले. ऑक्टोबरात तू गेलास. आमच्या बायका रागावल्या की 'मेल्या' म्हणतात, तीही सोय तू ठेवली नाहीस.

आता तुझ्या मित्रांबद्दल. त्या फोटोतले तिघे आले होते फ्युनरल होममध्ये. सगळे काळ्या सुटात, मी एकटी पांढऱ्या साडीत. तिघे पेटीपाशी उभे राहिले आणि मर्व, तुझा कॅचर, ज्याच्या गुडघ्यांबद्दल तू इतकं सांगायचास, त्यानं नवीकोरी डबी काढली आणि तुझ्या खिशात घातली. वर थोपटलं. म्हणाला, "तिकडे कमी पडायला नको." सगळे हसले. डोळे पुसत हसले. पॅटीसुद्धा. अरे, ज्यानं माणसाचा जबडा खाल्ला तेच त्याच्या छातीशी ठेवताय? आमच्याकडे मेलेल्याच्या तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घालतात. तुमच्याकडे ही पद्धत?

तेव्हा मी खिशात हात घातला. म्हणाले, "यानंच मारलं त्याला." इंग्रजीत म्हणाले, सगळ्यांना कळेल असं.

मर्व माझ्या अंगावर आला. एवढा धिप्पाड म्हातारा. "बाई, ते त्याचं आहे. परत ठेव. तुला काय माहीत आमच्या खेळातलं? तू कोण लागतेस त्याची?" ओरडताना तोंड वासलं त्यानं. वर दिवा होता. आणि मला दिसलं, लॉइड. डावीकडे, खाली. पांढरं, आणि मध्ये लाल.

निखिल माझ्या कोपराला धरून म्हणत होता, "आई, चल, प्लीज, इथे नको, नंतर फोन कर हवं तर." मी म्हणाले, "तू गप्प बस." आणि मर्वला म्हणाले, "खिडकीपाशी चला. तोंड उघडा."

"काय?"

"तोंड उघडा म्हटलं ना! ओठ खाली ओढा. अजून."

माझा तो आवाज मला तीन वर्षांत ऐकू आला नव्हता. नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या दवाखान्याचा आवाज. मर्वनं माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे बघितलं. तुझ्या गालाखाली त्यांनी रेशमी रुमाल लावून खड्डा झाकला होता, तिकडे बराच वेळ बघितलं. मग गुडघे सांभाळत खिडकीपाशी आला आणि सगळ्यांसमोर त्यानं तोंड उघडलं. मी रुमालानं ओठ ओढून नीट बघितलं. पॅटीनं किल्लीला लावलेला छोटा टॉर्च धरला. ती म्हणाली, "डॉक, बाबाचं असंच होतं का?" मी म्हणाले, "असंच. मी पाहिलं होतं आणि बोलले नाही." तिनं टॉर्च हलू दिला नाही. घट्ट धरून उभी राहिली. ती मला माफ करेल की नाही, माहीत नाही. अजून तरी तिचा फोन आलेला नाही.

तेव्हा आता ऐक. हे मी लिहितेय ते दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये बसून. तोंडाच्या सर्जनचा दवाखाना आहे. फ्युनरलच्या दुसऱ्याच दिवशी निखिलनं फोन करून इथली वेळ मिळवली, मी न सांगता, आणि त्याच दिवशी मर्वच्या ओठामागचा तुकडा काढून तपासायला दिला. आज रिपोर्ट आहे. निखिल सुट्टी टाकून आम्हाला घेऊन आलाय आणि आता पार्किंगमध्ये ऑफिसच्या कॉलवर आहे. मर्व माझ्या शेजारी बसलाय. मघाशी त्यानं मागच्या खिशातून आपली डबी काढून माझ्या हातात दिली. म्हणजे आता माझ्या पर्समध्ये दोन डब्या आहेत, तुझी आणि त्याची. जाताना बाथरूममध्ये रिकाम्या करणार आहे.

आत्ताच त्यानं मला विचारलं, "डॉक, तुला काय वाटतं?" डॉक म्हणाला तो. मग मी तोंड उघडायच्या आत त्यानं स्वतःच हात वर केला. अगदी तुझ्यासारखा. म्हणाला, "राहू दे. आत्ता नको बोलूस."

मी त्याचा हात धरून खाली मांडीवर ठेवला. म्हणाले, मर्व, मला वाटतं हे वाईट आहे. पण लॉइडच्या मानानं लहान आहे, आणि लवकर आहे, आणि जे काही निघेल ते मी तुला जसंच्या तसं सांगणार आहे. तो चिडला. मान फिरवून बसलाय, माझ्याशी बोलत नाही. पन्नास वर्षं नाही बोलला तरी चालेल मला. तेवढी जगू दे त्याला.